बार्तोलोच्या शेजारची जागा

असुंताने आजारी बहिणीची हनुवटी दोन बोटांत धरली, पपई फिरवून बघावी तसा तिचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि इटालियनमध्ये बरंच काही बोलली.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतायत, इथे उजेड चांगला आहे,” सिस्टर ओलिंडा म्हणाली.

उजेड खरंच चांगला होता. एप्रिलची सकाळ होती. खिडकीखाली टप्प्याटप्प्याने उतरत गेलेल्या लिंबांच्या बागा आणि त्यांच्या पायथ्याशी समुद्र. एर्सीलियाला पलंगावर उशांना टेकवून बसवलं होतं. गळ्याशी लेस लावलेला पांढरा ब्लाउज तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. पोटातल्या आजाराने तिचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. जूनमध्ये सुरू होणारा तिथला उन्हाळा तिला दिसेल असं डॉक्टरही म्हणत नव्हते. तिला आता एकच गोष्ट हवी होती, थडग्यावर लावायला स्वतःचा एक बरा फोटो.

त्या खोलीत मी कसा पोचलो ते सांगतो. मी दौलत शिर्के, कोल्हापूरचा फोटोग्राफर. लग्नं, मुंजी आणि बारशी यांत केस पिकवलेला माणूस. त्या वर्षी एका कंपनीला कॅलेंडरसाठी इटलीतली समुद्रकाठची डोंगराळ गावं हवी होती. ठरलेला नामांकित फोटोग्राफर ऐन वेळी आजारी पडला आणि माझी वर्णी लागली. वसंतात तिकडे हिंडायला मिळणार म्हटल्यावर बायको म्हणाली, “मजा आहे बाबा एका माणसाची.” मजा कसली! सगळी गावं कड्याला चिकटलेली, मोटार खालीच थांबायची आणि पुढे नुसत्या पायऱ्या. एका गावात भिंतींवरून जांभळ्या फुलांचे घोस ओघळत होते, दुसऱ्यात बायका दारात बसून वालासारख्या मोठाल्या शेंगा सोलत होत्या, तिसऱ्यात धक्क्यावर बोटाएवढी मासळी मिठात थर लावून बरण्यांत भरत होते. सगळं सुंदर होतं आणि सगळं मी धापा टाकत बघितलं.

रोक्कामारा नावाच्या गावात राहायची सोय मठात होती. तिथल्या पायऱ्या चढताना मी वैतागून मोठ्यांदा म्हणालो, “आयला, या पायऱ्या आहेत का चेष्टा!”

वरून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, “चेष्टाच आहे, दादा. पाणी देऊ का?”

ती सिस्टर ओलिंडा रुमाव, वसईची. कित्येक वर्षं त्या मठात राहून ती गावातल्या म्हाताऱ्या आजाऱ्यांची सेवा करत होती. तिला मराठी बोलायला कुणी नव्हतं आणि मला इटालियन येत नव्हतं, त्यामुळे आमचं चांगलंच जमलं.

तिनेच मला गावाची दफनभूमी दाखवली. ती पार वर, कड्याच्या टोकावर होती. तिकडे माणसाला जमिनीत पुरत नाहीत, उंच भिंतीत कप्पे असतात त्यांत शवपेटी सरकवतात आणि तोंडावर संगमरवराची फळी बसवतात. फळीवर नाव, जन्मसाल, मृत्यूचं साल, आणि चिनी मातीच्या लंबगोल चकतीवर भाजून काढलेला फोटो. आपल्याकडे हार घातलेला फोटो घरातल्यांनी बघायचा असतो. यांचा फोटो अख्खं गाव बघतं, उन्हापावसात, कायमचा.

“हा बार्तोलो, एर्सीलियाचा नवरा,” सिस्टर एका चकतीपाशी थांबून म्हणाली. भरघोस मिशांचा, देखणा गडी होता. “आणि ही तिची जागा.”

शेजारच्या फळीवर एर्सीलियाचं नाव आणि जन्मसाल आधीच कोरलेलं होतं. फोटोची खाच रिकामी होती. सगळ्यात वरच्या, शिडी लावल्याशिवाय दिसणार नाहीत अशा रांगेत बिनलग्नाच्या बायका होत्या, आणि तिथला एक कप्पा असुंताने घेऊन ठेवला होता.

मग सिस्टरने बाकीची हकिकत सांगितली. बार्तोलोचं लग्न ठरलं होतं असुंताशी, थोरलीशी. संसाराचे कपडेलत्ते जमवायला असुंता जिनोव्हा शहरात एका घरी कामाला राहिली. ती परत आली तेव्हा धाकटीच्या अंगावर लग्नाचा पांढरा झगा होता आणि गावाचं जेवणसुद्धा उरकलं होतं. तेव्हापासून दोघी बहिणी एकाच घरात, असुंता खालच्या मजल्यावर आणि एर्सीलिया नवऱ्यासह वरच्या. बार्तोलो वारला तेव्हा थडग्यावर लावायला त्याचा चेहरा हवा होता, म्हणून असुंताने त्यांच्या लग्नाच्या फोटोला कात्री लावली. नवरा ठेवला आणि नवरी चुलीत टाकली. घरातले एर्सीलियाचे बाकीचे फोटोही एकेक करत नाहीसे झाले.

“मेल्यानंतर कुठला फोटो लावायचा ते सगळ्यात जवळचा नातेवाईक ठरवतो,” सिस्टर म्हणाली. “एर्सीलियाला मूलबाळ नाही. आता तिचा एकच फोटो उरलाय, आजारपणात काढलेल्या ओळखपत्रावरचा. बघवत नाही, दादा. तिला भीती वाटते की असुंता मुद्दाम तोच लावेल. तुम्ही एक चांगला काढाल? पण घरी नका पाठवू. माझ्याकडे पाठवा. चांगलाच फोटो लागेल असा मी तिला शब्द दिलाय.”

मी हो म्हणालो. मला एर्सीलियाची दया आली होती, आणि खरं सांगायचं तर डोंगर आणि बोटी काढून कंटाळाही आला होता.

तर अशी ती सकाळ. असुंता बहिणीचे केस विंचरत होती. तिच्या हातात माया नव्हती, पण सवय होती. फणीत केसांचा पुंजका आला की तो ती बहिणीला दिसेल असा उजेडात धरायची, मग सावकाश खिशात टाकायची. एर्सीलिया डोळे मिटून घ्यायची. असुंता सारखी बोलत होती आणि सिस्टरचं भाषांतर दोन-चार शब्दांत आटपत होतं. ही भाषाच पाल्हाळिक असावी असा मी समज करून घेतला.

“आता काय म्हणाल्या?”

“केस छान होते म्हणाल्या, लहानपणी.”

एर्सीलियाही काही कमी नव्हती. तिने कपाटाकडे बोट केलं. असुंताने डबी आणून दिली, तर तिने ती उघडली नाही, असुंताकडेच परत धरली. आत सोन्याचे लोंबते डूल होते.

“नवऱ्याने दिलेले आहेत,” सिस्टर हळूच म्हणाली. “म्हणते, तूच घाल माझ्या कानात, तुझ्या हाताने.”

असुंताने घातले. एक डूल घालताना एर्सीलिया कळवळली. असुंता वाकलेलीच राहिली आणि दुसराही तसाच घातला.

मी कॅमेरा लावला. आता माझी एक पद्धत आहे. लग्नात नवरी कॅमेऱ्यासमोर ओंडक्यासारखी उभी राहते. तिला हसा म्हटलं की ती दात दाखवते. पण “वहिनी, नाव घ्या” म्हटलं की चेहऱ्यावर काहीतरी होतं. नवऱ्याचं नाव ओठावर यायच्या जरासं आधी सगळा चेहरा आतून उजळतो, आणि मी नेमका तेव्हा खटका दाबतो. कोल्हापुरात निम्म्या घरांत असे फोटो लागलेत. या प्रवासातही मी हाच उद्योग केला होता. बोटीवरच्या बायकांना, पाववालीला, सगळ्यांना खुणेने सांगायचो, नवऱ्याचं नाव घ्या. पाववाली “जीनो” म्हणाली आणि इतकी लाजली, की मागून जीनो स्वतः बघायला आला.

“सिस्टर, त्यांना सांगा, नवऱ्याचं नाव घ्या.”

सिस्टरने सांगितलं. एर्सीलियाने माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या बहिणीकडे.

“बार्तोलो,” ती म्हणाली.

काहीच झालं नाही. हिशेब विचारल्यावर माणूस बोलतो तसं बोलली. मी पुन्हा सांगितलं. “बार्तोलो.” जबडा आणखीच आवळला. मी फोटो काढत राहिलो, पण मला कळत होतं की सगळे वाया जाणार. माझी ही पद्धत कधी फसली नव्हती. मी चिडलो, घाम पुसला, पडदा सरकवून बघितला. एर्सीलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला फोटो बरा येत नाहीये हे तिला समजलं होतं.

तेवढ्यात असुंता पुढे आली. बोलली ती मात्र माझ्याशी.

“म्हणतायत, मलाही एक दिवस मरायचंच आहे,” सिस्टर चाचरत म्हणाली. “माझाही काढून ठेवा.”

“काढू की.”

असुंताने बहिणीच्या कानातले डूल काढले. मग ब्लाउजची बटणं सोडायला लागली. सिस्टर पुढे झाली, इटालियनमध्ये काहीतरी तीव्रपणे बोलली. असुंताचे हात थांबले नाहीत. मी पाठ फिरवली. पुन्हा वळलो तेव्हा एर्सीलिया झोपायच्या झग्यात, गळ्याशी शाल ओढून बसली होती, कान मोकळे. आणि पांढरा ब्लाउज अन् डूल घालून असुंता खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती. बहिणी एकमेकींसारख्या दिसत. फरक एवढाच, की एकीला आजाराने खाल्लं होतं आणि दुसरीला नव्हतं. त्या ब्लाउजमध्ये असुंता वीसेक वर्षांनी लहान दिसत होती.

बिनलग्नाच्या बाईला नाव घ्या कसं म्हणायचं, म्हणून मी गप्प होतो. मी भिंग फिरवत असताना तीच सिस्टरला म्हणाली, “मला नाही का विचारत?”

सिस्टरने हे भाषांतर केलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

“विचारा,” मी म्हणालो.

असुंताने बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही. समुद्राकडे बघत, अगदी हळू म्हणाली, “बार्तोलो.”

मी खटका दाबला. हाताला आपोआप कळलं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हजारो नवऱ्यांची नावं ऐकली, पण असा चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. पलंगावरची बाई श्वास घेत होती तेवढा आवाज होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी फोटो किती उत्तम आलाय याचा आनंदही झाला. मी धंदेवाईक माणूस आहे.

असुंता उठली, कॉफी करते म्हणाली आणि डूल तसेच कानात ठेवून खाली निघून गेली. जिन्यावर तिची पावलं विरली तशी एर्सीलियाने बोट हलवून सिस्टरला जवळ बोलावलं. आवाज उरलाच नव्हता. सिस्टरने कान तिच्या तोंडाशी नेला. एर्सीलिया काहीतरी पुटपुटली आणि मग उशीवर डोकं टेकून हसली. चेहरा मोकळा झाला, डोळ्यांत चमक आली, तरुणपणी ही केवढी देखणी असेल ते क्षणात दिसलं. मी कॅमेरा उचलला आणि खटका दाबला. मिळाला, तिचाही फोटो मिळाला!

“काय म्हणाल्या?” मी खूश होऊन विचारलं.

सिस्टर सरळ उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“असुंता छान दिसत होती म्हणाली,” ती म्हणाली.

मला गलबलून आलं. इतकं सगळं होऊनही मरणाच्या दारात बहिणीचं कौतुक! कोल्हापूरला आल्यावर मी ही गोष्ट कितीतरी जणांना सांगितली. बायको तर ऐकून रडली. दोघींचे दोन उत्तम फोटो धुऊन मोठे केले आणि सिस्टरच्या नावाने पाठवून दिले. पुढे सिस्टरचं नाताळचं कार्ड आलं, त्यात एर्सीलिया गेल्याचं एक वाक्य होतं. फोटोबद्दल काहीच नव्हतं.

आठ-नऊ वर्षांनी त्याच किनाऱ्यावर पुन्हा जायचा योग आला. तोही वसंतच होता. रोक्कामाराच्या पायऱ्या वाढल्या नव्हत्या, माझे गुडघे गेले होते. सिस्टर ओलिंडा वाकली होती, पण होती. चहा झाल्यावर मी म्हणालो, “चला, एर्सीलियाबाईंना भेटून येऊ. माझा फोटो कसा दिसतो बघू तरी.”

“नको, दादा,” ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. हट्टाने वर चढलो, ती मागून आली.

बार्तोलोच्या शेजारच्या फळीवर एर्सीलियाचं नाव होतं. जन्मसालापुढे मृत्यूचं सालही कोरलेलं होतं. आणि वर लंबगोल चकतीत पांढरा ब्लाउज, कानात डूल, समुद्राकडे लागलेली नजर. नाव उच्चारायच्या जरासं आधीचा तो चेहरा. असुंताचा.

मी दोनदा नाव वाचलं.

“सिस्टर, हे चुकलंय.”

“चुकलेलं नाही,” ती म्हणाली. “एर्सीलिया गेल्यावर तुमचे दोन्ही फोटो मी असुंताच्या हातात दिले. सख्खी बहीण तीच, फळीवर काय लावायचं ते ठरवणारीही तीच, दुसऱ्या कुणाला देणार? स्वतःचा चेहरा कुणी खरंच दुसरीच्या नावावर लावेल यावर माझा विश्वास बसला नव्हता. फादरनी विचारलं, तर म्हणाली, आम्ही सारख्याच दिसतो, तुमचे डोळे तपासून घ्या. म्हाताऱ्या बायका आल्या, बघितलं आणि गप्प बसल्या. निम्म्या जणींना तर वाटलं, बरंच झालं.”

तेवढ्यात मागे काठी वाजली. असुंता येत होती. हातात पिवळी फुलं आणि ओलं फडकं. ती आता पार थकली होती, तोंडाचं बोळकं झालं होतं. मला बघून तिने क्षणभर डोळे बारीक केले आणि ओळख पटल्यावर दोन्ही हात पसरले.

“फोतोग्राफो!”

तिने आधी बार्तोलोचा चेहरा पुसला. मग शेजारचा, स्वतःचा, कडेकडेने, कोपऱ्यांतली धूळ काढून. नवरा-बायकोच्या मधोमध फुलं लावली. रोज येते, सिस्टर म्हणाली. मग असुंताने काठीने वरची रांग दाखवली. मी मान वर केली. बिनलग्नाच्या बायकांच्या रांगेत एका फळीवर असुंताचं नाव, जन्मसाल, आणि पुढे मोकळी जागा. चकतीत मात्र शाल ओढलेली, मोकळ्या कानांची एर्सीलिया होती. हसत होती.

असुंता बोलत होती आणि या वेळी सिस्टर शब्दन् शब्द सांगत होती. तिच्या आवाजात गोडवा नव्हता.

“म्हणतात, माझी जागा तिने घेतली होती, ती मी परत घेतली. तिला वर पाठवलं. पण मी काही दगड नाही. शेवटी ती माझ्यासाठी हसली, हे तुमच्या फोटोने दाखवलं. मला तिने माफ केलं. म्हणून तिचं ते हसू मी माझ्या कबरीवर घेतलं.” सिस्टर थांबली. “विचारतायत, मी तेव्हा खाली कॉफी करत होते. ती कशाला हसली? तुम्ही तिथे होता, तुम्ही सांगा.”

“सांगा की,” मी म्हणालो. “तुम्ही छान दिसत होता म्हणाली म्हणून.”

“तसं ती म्हणालीच नव्हती,” सिस्टर मला म्हणाली.

“मग काय म्हणाली होती?” मी विचारलं.

“त्या घरात मी तुम्हाला फार थोडं खरं सांगितलं, दादा. आपल्याकडचा माणूस इतक्या वर्षांनी भेटला होता, त्याच्यासमोर ते तसलं बोलणं उच्चारायची मला लाज वाटायची. हनुवटी धरून असुंता म्हणाली होती, घ्या, कुत्रं खाणार नाही एवढंच उरलंय. आणि एर्सीलिया माझ्या कानात म्हणाली, आता कळलं कुणाचा चेहरा लागणार ते. लागू दे. ती रोज येऊन बाहेरून पुसत बसेल आणि आत त्याच्याशेजारी हाडं माझी असतील. असं म्हणाली आणि मग हसली.”

असुंता आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, हातात फडकं धरून.

“सिस्टर, यांना नका सांगू,” मी म्हणालो. “मेली ती. जाऊ द्या.”

“मी एर्सीलियाला शब्द दिला होता,” सिस्टर म्हणाली. “तो हिच्यामुळे मोडला.”

आणि ती असुंताकडे वळली. सावकाश बोलली, थांबून थांबून, ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं तसं. मला भाषा कळत नव्हती, पण बार्तोलोचं नाव कळलं. असुंताचा हात संगमरवरावर गेला, स्वतःच्या फोटोच्या खाली, आणि तिथेच राहिला. मग तिने मान वर केली. वर तिच्या नावावर बसून तिची बहीण हसत होती. असुंताने एकच प्रश्न विचारला, इतक्या हळू की सिस्टरलाही वाकावं लागलं.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“विचारतायत, वरचा तो फोटो काढता येईल का.”

“येईल ना, का नाही येणार?”

“सिमेंटात बसवलाय,” सिस्टर म्हणाली. “यांनीच बसवून घेतला. आपल्यामागे कुणी बदलू नये म्हणून.”